संघनायक, व्यवस्थापक आणि प्रेक्षकाचा न्याय

इंग्लंडमधील फुटबॉलच्या परिभाषेत ‘मॅनेजर’ या शब्दाला जो अर्थ आहे, तो भारतीय क्रिकेटमध्ये त्याच शब्दाला पुष्कळ काळ नव्हता. तेथे मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच आखणारा आणि पराभवांची मालिका लागल्यास सर्वांआधी नोकरी गमावणारा अधिकारी. येथे मॅनेजर म्हणजे दौऱ्यावर संघाबरोबर जाऊन प्रवास, निवास, भत्ते आणि समारंभ यांची व्यवस्था पाहणारा गृहस्थ. साहजिकच फुटबॉलमध्ये मॅनेजरच्या वाट्याला येणारा लोकांचा रोष क्रिकेटमध्ये संघनायकाच्या वाट्याला येई. या भेदाचे एक कारण खेळांच्या रचनेतच आहे. क्रिकेटचा कर्णधार चेंडूगणिक क्षेत्ररक्षण बदलू शकतो, गोलंदाज बदलू शकतो. फुटबॉलमध्ये एकदा खेळ सुरू झाला की नायकाला तेवढी सवड नसते, आणि विचार करण्याचे काम मैदानाबाहेरच्या माणसाकडे जाते. परंतु खेळाची रचना हे सगळे उत्तर नव्हे. प्रेक्षक दोष कोणाला देतो आणि कशाच्या आधारावर देतो, हे त्याला काय दाखवले जाते यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

या प्रश्नाच्या अभ्यासाला महाराष्ट्रात एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे, ते अजित वाडेकर यांचे. ते १९७१ ते १९७४ या काळात भारताचे कर्णधार होते आणि १९९२ ते १९९६ या काळात भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. आणि या दुसऱ्या पदाचा अर्थ तोवर फुटबॉलमधील अर्थाच्या बराच जवळ आलेला होता. एकाच माणसाला लोकांनी दोनदा पारखले, आणि मधल्या वीस वर्षांत पारखण्याची साधने पार बदलली होती.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्या जागी वाडेकर यांची निवड झाली. त्यानंतर काही महिन्यांत भारताने वेस्ट इंडीजमध्ये पाच सामन्यांची मालिका १–० अशी जिंकली आणि उन्हाळ्यात इंग्लंडमध्येही १–० असाच विजय मिळवला. ओव्हल येथे चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपवला, आणि २४ ऑगस्ट रोजी भारत चार गडी राखून जिंकला. मुंबईत संघाची मिरवणूक निघाली. कर्णधार राष्ट्रीय पुरुष ठरला. तीन वर्षांनी, जून १९७४ मध्ये, लॉर्ड्स येथे तोच कर्णधार असलेला संघ दुसऱ्या डावात सतरा षटकांत ४२ धावांत बाद झाला, आणि मालिका ३–० अशी गेली. वाडेकर यांच्या घरावर दगडफेक झाली, इंदूर येथे १९७१ च्या विजयाच्या स्मरणार्थ उभारलेल्या बॅटीच्या शिल्पाला काळे फासण्यात आले, आणि पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर वाडेकर यांनी निवृत्ती पत्करली.

दूरचित्रवाणीने प्रेक्षकांना असहिष्णू केले, हा वारंवार ऐकू येणारा समज येथेच बाजूला ठेवावा लागतो. १९७४ साली दगड मारणाऱ्यांपैकी कोणीही लॉर्ड्सचा डाव पाहिलेला नव्हता. मुंबई दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून सुरू झालेले होते खरे, तथापि इंग्लंडमधील कसोटी सामना घरी बसून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. राग आजच्याइतकाच होता, किंबहुना अधिक शारीरिक होता. मग बदलले ते काय?

हे समजण्यासाठी त्या काळातील प्रेक्षकाला काय मिळत असे, हे पाहावे लागेल. आणि त्यासाठी पालघर, बोईसर व तारापूर हा पट्टा सोयीचा आहे. पश्चिम रेल्वेवरील हा भाग मुंबईपासून सुमारे नव्वद ते शंभर किलोमीटरवर आहे. मुंबईचे दैनिक त्याच दिवशी वाचता यावे इतका तो जवळ, आणि ब्रेबॉर्न किंवा वानखेडेवरचा सामना मनात येईल तेव्हा पाहता येऊ नये इतका दूर. १९६९ मध्ये तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली, पुढे बोईसरजवळ औद्योगिक वसाहत वाढली आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार व तंत्रज्ञ येथे स्थिरावले. अशा ठिकाणच्या क्रिकेटप्रेमी माणसाला कर्णधार भेटत असे तो नभोवाणीच्या आवाजातून आणि वर्तमानपत्राच्या स्तंभातून. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठीतून धावते वर्णन ऐकण्याची गोडी लावली होती. १९६२ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकर यांनी खेळाच्या बातमीला दररोजच्या पानाचा दर्जा मिळवून दिला होता.

या दोन्ही साधनांचा एक गुण असा की, ती ऐकणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला निर्णय दाखवत नसत. निर्णयाची हकिगत सांगत. ‘बेदींच्या जागी प्रसन्ना गोलंदाजीला आले’ एवढेच कळे. तो बदल दोन षटके उशिरा झाला की काय, हे ठरवायला श्रोत्याजवळ स्वतःचा असा पुरावा नसे. परिणामी कर्णधाराचा हिशेब मालिकेच्या अखेरीस आणि एकरकमी होई. जिंकला तर थोर, हरला तर दोषी. या हिशेबात पावसाला स्थान नव्हते. १९७१ च्या मँचेस्टर कसोटीत ४२० धावांचे लक्ष्य समोर असताना भारताची स्थिती ३ बाद ६५ होती आणि शेवटचा दिवस पावसाने वाहून गेला. त्याआधी लॉर्ड्सवर १८३ धावा हव्या असताना भारताचे ८ गडी १४५ धावांत बाद झालेले होते. तेथेही पावसानेच खेळ थांबवला. ओव्हलचा विजय निर्विवाद होता, परंतु तो मालिका विजय ठरण्यासाठी मँचेस्टरचे आभाळ भरून येणे आवश्यक होते. उलट १९७४ चा इंग्लंडमधील उन्हाळा थंड आणि ओला निघाला, फिरकी गोलंदाजांना साथ मिळाली नाही, लॉर्ड्सवर चंद्रशेखर जायबंदी होऊन फारशी गोलंदाजी करू शकले नाहीत. एका वर्षी पावसाने तारले, दुसऱ्या वर्षी बुडवले; लोकांनी दोन्ही वेळा वाडेकरांनाच जबाबदार धरले.

आणि ज्या गोष्टीबद्दल त्यांना खरोखर श्रेय द्यायला हवे होते, तिची चर्चा जाणकारांपुरतीच राहिली. फेब्रुवारी १९७१ मध्ये किंग्स्टन येथे पहिला दिवस पावसात गेल्यामुळे सामना चार दिवसांचा झाला, आणि नियमानुसार फॉलोऑनसाठी २०० ऐवजी १५० धावांची आघाडी पुरेशी ठरली. भारताची आघाडी १७० धावांची होती. वाडेकर यांनी नियम ध्यानात ठेवून सोबर्स यांच्या संघाला पुन्हा फलंदाजीस बोलावले. सामना अनिर्णित राहिला, म्हणून धावफलकाने या निर्णयाची नोंद ठेवली नाही. नेतृत्वाचा कस जेथे लागला तेथे निकाल मुका होता.

याच सुमारास इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या बाबतीत एक वेगळी घडामोड चालू होती. १९६३ पूर्वी इंग्लंडचा राष्ट्रीय संघ समिती निवडत असे. आल्फ रॅम्झी यांनी सूत्रे घेतली तेव्हा निवडीचा संपूर्ण अधिकार प्रथमच एका व्यक्तीकडे आला. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९६४ रोजी, बीबीसीने सामन्यांची निवडक दृश्ये दाखवणारा आपला साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. १९७० च्या विश्वचषकाच्या वेळी व्यापारी वाहिनीने स्टुडिओत जाणकारांचे मंडळ बसवले. ते एकमेकांशी भांडत आणि लोक ते भांडण आवडीने पाहत. अधिकाराचे केंद्रीकरण आणि कॅमेऱ्याचे आगमन एकाच दशकात झाले, हा योगायोग फार महत्त्वाचा आहे. समितीचा चेहरा दाखवता येत नाही. माणसाचा दाखवता येतो.

रॅम्झी यांनी १९६६ साली विश्वचषक जिंकला. १७ ऑक्टोबर १९७३ रोजी वेम्बली येथे पोलंडविरुद्ध इंग्लंडने सर्व वेळ चढाई केली, परंतु गोलरक्षक टोमाशेव्हस्की याने ती वारंवार परतवली. बरोबरी झाली आणि इंग्लंड पुढील विश्वचषकाला मुकले. याच गोलरक्षकाला स्टुडिओतील ब्रायन क्लफ यांनी विदूषक म्हटले होते, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे. १९७४ च्या वसंतात रॅम्झी यांना काढण्यात आले. त्याच वर्षी वाडेकरही गेले. दोघांच्या बाबतीत न्याय सारखाच ढोबळ होता. मात्र इंग्लिश प्रेक्षकाजवळ आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता, आणि त्या पुराव्याचा अर्थ लावून देणारे मंडळही होते. पुढे जून १९९२ मध्ये स्वीडनकडून हरल्यावर ‘द सन’ या दैनिकाने ग्रॅहम टेलर यांच्या छायाचित्रावर सलगमाचा कंद चढवला. त्याच वर्षी उपग्रह वाहिनीच्या पैशावर प्रीमियर लीग उभी राहिली, आणि सामना संपताच कॅमेऱ्यासमोर उभे राहून उत्तरे देणे हा मॅनेजरच्या नोकरीचाच भाग होऊन बसला.

भारतात ही अवस्था आली ती वाडेकर यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात वाद झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरींचे क्षेत्र ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला, आणि प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारीचा पाया खचला. वाडेकर व्यवस्थापक असताना १९९३ मध्ये भारताने मायदेशी इंग्लंडला ३–० असे हरवले, पुढच्या वर्षी श्रीलंकेलाही तसेच नमवले. हे सर्व असूनही आज त्या कारकिर्दीचे नाव काढताच लोकांना आठवतो तो १३ मार्च १९९६ चा कोलकात्याचा उपांत्य सामना.

त्या दिवशी महंमद अझरुद्दीन यांनी नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले. या निर्णयाला कारण होते. अकराच दिवसांपूर्वी दिल्लीत भारताने तेंडुलकर यांच्या शतकाच्या बळावर २७१ धावा केल्या असता श्रीलंकेने चार गड्यांच्या मोबदल्यात ती धावसंख्या पार केली होती. पाठलागात तरबेज असलेल्या संघाला पाठलागच करू द्यायचा नाही, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पहिल्याच षटकात श्रीलंकेचे दोन्ही सलामीचे फलंदाज बाद झाले तेव्हा तर तो अचूक वाटला. पुढे डिसिल्व्हा यांनी ४७ चेंडूंत ६६ धावा केल्या आणि श्रीलंका २५१ पर्यंत पोहोचली. संध्याकाळी खेळपट्टी भुरभुरू लागली, १ बाद ९८ वरून भारत ८ बाद १२० झाला, प्रेक्षागारातून बाटल्या पडू लागल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. दुपारी जो निर्णय धूर्तपणाचा होता, तो रात्री मूर्खपणाचा ठरला. निर्णय तोच होता. मधल्या काळात माहिती वाढली होती. पण ती निर्णय घेणाऱ्याला उपलब्ध नव्हती. दूरचित्रवाणीवर मात्र नाणेफेकीचे दृश्य आणि गडी बाद होण्याचे दृश्य एकापाठोपाठ एक दाखवता येते, आणि पाहणाऱ्याला पहिले दुसऱ्याचे कारण वाटू लागते. विश्वचषकानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून वाडेकर यांच्याऐवजी संदीप पाटील गेले.

मानसशास्त्रात या दोषाचे विवेचन जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये केलेले आहे. सारख्याच माहितीवर घेतलेला सारखाच निर्णय, केवळ परिणाम वाईट झाला म्हणून लोक अधिक वाईट मानतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. ज्यांना परिणामाचा विचार करू नये असे वाटत होते, तेही त्यातून सुटले नाहीत. त्याआधी १९८५ मध्ये जेम्स माइंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थांच्या संदर्भात दाखवले होते की, यश वा अपयश जितके मोठे, तितके लोक त्याचे कारण नेत्यात शोधतात. डच फुटबॉलच्या १९८६ ते २००४ या काळातील आकडेवारीवर बास टेर वील यांनी केलेला अभ्यासही येथे उपयोगी आहे. पराभवांच्या ओघात मॅनेजर बदलणारे क्लब पुढे सावरले, हे खरे. परंतु तितकीच वाईट अवस्था असून ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, तेही तसेच सावरले. पडता काळ बहुधा सरतोच. बदलीचे दृश्य मात्र वृत्तपत्राला मथळा देते, न बदलण्याचे दृश्य काहीच देत नाही.

म्हणजे माध्यमांनी मूळ दोष निर्माण केला नाही. त्यांनी त्याचे एकक लहान केले. १९७४ पर्यंत न्यायाचे एकक मालिका होते, १९९६ मध्ये ते एक निर्णय झाले. अलीकडच्या काळात ते याहूनही लहान झाले आहे, इतके की कोणताही निर्णय घेतला जाण्यापूर्वीच न्याय होऊन गेलेला असतो. १५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्मा यांच्या जागी हार्दिक पंड्या यांना कर्णधार नेमल्याचे जाहीर केले. समाजमाध्यमांवर त्याचा निषेध महिनोन्‌महिने चालला, आणि १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर, म्हणजे ज्या संघाचे ते कर्णधार त्याच संघाच्या घरच्या मैदानावर, नाणेफेकीच्या वेळी प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याची सूचना करावी लागली. त्या हंगामात मुंबईचा संघ दहा संघांत शेवटचा आला. २९ जून रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक टाकून पंड्या यांनी १६ धावांचे रक्षण केले, आणि ४ जुलैच्या विजययात्रेनंतर त्याच वानखेडेवर त्यांच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत त्यांच्या नेतृत्वगुणांत काही फरक पडल्याचा पुरावा नाही. विश्वचषकात ते कर्णधार नव्हतेच.

या प्रकरणातील सर्वात बोलकी गोष्ट अशी की, त्या हंगामात संघाचे प्रशिक्षक मार्क बाउचर होते आणि प्रेक्षकांच्या रोषाने त्यांना स्पर्शही केला नाही. फुटबॉलमध्ये हे अशक्य ठरले असते. आयपीएलमधील प्रशिक्षकाचे अधिकार फुटबॉलच्या मॅनेजरपेक्षा फार कमी आहेत असे म्हणवत नाही; पण नाणेफेकीला कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तो कर्णधार. दोष अधिकाराच्या मागे जात नाही, चेहऱ्याच्या मागे जातो.

याच्या उलट बाजूला कोल्हापूरचे फुटबॉल ठेवता येईल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार किंवा खंडोबा तालमीचा संघ हरला तर पेठेत चर्चा होते ती तालमीची आणि खेळाडूंची. खेळाडू कोणाच्या घरचा, गेल्या आठवड्यात त्याचा पाय कसा दुखावला होता, हे चर्चा करणाऱ्यांना माहीत असते. असा न्याय सौम्य असतो असे नव्हे. पेठांतील ईर्ष्या सर्वश्रुत आहे. परंतु तो माहितीवर चालतो.

पालघर जिल्ह्यात (हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला) हे दोन्ही प्रकार एकाच प्रेक्षकात नांदताना दिसतात. शार्दूल ठाकूर हा पालघरचा खेळाडू. विरारपुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ मध्ये धावू लागल्या; त्याआधी वाढलेल्या या मुलाचा मुंबईच्या मैदानापर्यंतचा रोजचा प्रवास किती लांब होता, हे येथल्या माणसाला सांगावे लागत नाही, कारण नोकरीसाठी तो स्वतः तोच प्रवास करतो. देशभरच्या समाजमाध्यमांनी मात्र ठाकूर यांना ‘लॉर्ड’ ही पदवी दिली. आरंभी तिच्यात थट्टा होती, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथे ६७ धावा आणि सामन्यात सात बळी अशी कामगिरी झाल्यावर तिच्यात कौतुक मिसळले. पालघरची व्यक्ती आणि मोबाईलवरचा ‘लॉर्ड’ ही एकाच खेळाडूची दोन चित्रे आहेत, आणि येथला प्रेक्षक दोन्ही बाळगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ठाकूर यांची रणजी स्पर्धेसाठी मुंबईचे कर्णधार म्हणून निवड झाली, तेव्हा त्यांच्या पारखीला यांपैकी कोणते चित्र लावायचे, हा प्रश्न येथे इतर कोठल्याहीपेक्षा अधिक खरा होता.

त्याहून खालच्या पातळीवरही बदल पोहोचला आहे, आणि संशोधकांचे लक्ष अद्याप तिकडे पुरेसे गेलेले नाही. ठाणे, रायगड, पालघर या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटस्पर्धा गावोगाव भरतात. पूर्वी अशा सामन्यातील कर्णधाराची चूक बांधावर उभ्या असलेल्या शे-दोनशे माणसांनी पाहिलेली असे, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिचे तपशील एकमेकांत मिसळून जात. आता यातील पुष्कळ स्पर्धा मराठी समालोचनासह यूट्यूबवर थेट दिसतात. शेवटचे षटक चुकीच्या गोलंदाजाला दिल्याचे दृश्य परत परत पाहता येते, आणि ज्याने ते दिले तो दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरच्या फलाटावर त्याच गाडीची वाट पाहत उभा असतो.